मास्तरांच्या पेटीपुढे

माइकला मराठीत ‘ध्वनिक्षेपक’ म्हणण्याची रूढी आहे. ज्याने कोणी हा शब्द योजला त्याच्या डोळ्यांपुढे सभा असावी. वस्तुतः माइक काहीही फेकत नाही, तो घेतो. फेकण्याचे काम कर्ण्याचे. गेली पंचवीस-सव्वीस वर्षे प्रवचनाच्या निमित्ताने आम्ही या यंत्रासमोर उभे राहत आलो. परंतु ते ऐकणारे यंत्र आहे ही गोष्ट ध्यानात यायला आम्हांला पन्नाशी उलटावी लागली, आणि तीही एका जुन्या पेटीमुळे.

पेटी आहे आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध धर्मशिक्षकाची. सारे त्यांना मास्तर म्हणतात, आम्हीही मास्तरच म्हणतो. वय ब्याऐंशी. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून त्यांनी उभी हयात धर्मशिक्षणात घालविली. आता नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूस, मुलाच्या घरी असतात. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत रात्र-रात्र भजने म्हणणारी जी पिढी होती, तिच्यातले ते आमच्या माहितीत उरलेले एकटेच. प्रायश्चित्तकाळातील दुःखसहनाची भजने, नाताळची पदे, संतांच्या सणांचे अभंग असे पन्नास-साठ प्रकार त्यांच्या गळ्यात आहेत. यांतील पुष्कळांचे शब्द गायनाच्या पुस्तकांतून छापलेले सापडतात. चाली मात्र कुठेच छापलेल्या नाहीत. वर ‘चाल : अमुक अमुक’ एवढेच लिहिलेले असते, आणि ती अमुक अमुक चाल ठाऊक असणारी माणसे दफनभूमीत विसावलेली असतात.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यातील ११९व्या कलमात, मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला यथोचित मान व स्थान द्यावे, असे सांगितले आहे. सेमिनरीत हे कलम आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. मास्तरांनी ते वाचले असण्याचा संभव कमी, पण आचरणात त्यांनीच आणले. तेव्हा गेल्या वर्षी, त्यांच्या छातीत कफ राहू लागला आहे असे सूनबाईंनी सांगितल्यावर, त्यांचे गाणे नीट ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा संकल्प आम्ही सोडला. या संकल्पामागे आणखीही एक कारण होते. ते पुढे येईलच.

आरंभी आम्हांला वाटले, यात अवघड ते काय? चर्चमध्ये माइक आहेत, मोबाइल आहेत. वाचनपीठावरचा माइक उचलून आणला, निवासाच्या दिवाणखान्यात मास्तरांना बसविले, माइक त्यांच्या व पेटीच्या मधोमध ठेवला आणि भजन भरून घेतले. ऐकतो तो आवाज कांबळ्यातून आल्यासारखा. पेटीचे सूर नाहीत, भात्याची फसफस मात्र स्पष्ट. आमच्या येथील एक तरुण सातपूरच्या कारखान्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी लग्नसमारंभांतून ध्वनियोजना सांभाळतो. त्याला दाखविले. तो हसला. म्हणाला, “फादर, हा बोलण्याचा माइक आहे. हा ओठांशी धरायचा. तुम्ही त्याला पेटी ऐकायला सांगितली.”

मग त्याने आमची शिकवणी घेतली. वाचकांपैकी कोणाला घरच्या आजोबांची पेटी, मुलीचे व्हायोलिन किंवा गोव्याकडील नातलगांचे घुमट मुद्रित करावयाचे असेल, त्यांच्यासाठी ती येथे थोडक्यात देतो. सभेत वापरतात तो बहुधा ‘डायनॅमिक’ जातीचा माइक. आवाजाने आतला पडदा हलतो, पडद्याला चिकटलेले तारेचे बारीक वेटोळे चुंबकापुढे हलते व वीज उत्पन्न होते. पडद्याला वेटोळ्याचे ओझे असल्यामुळे नाजूक कंप त्याला फारसे हलवीत नाहीत. हा माइक दणकट, पडला तरी न बिघडणारा, आणि लांबचे फारसे न ऐकणारा. जगभरच्या मंचांवर दिसणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ याच जातीचा. तो १९६६ पासून चालत आलेला आहे. त्याची योजनाच जवळून गाणाऱ्या कंठासाठी आहे.

दुसरी जात ‘कंडेन्सर’. यात अतिशय पातळ पडदा एका धातूच्या तबकडीसमोर ताणलेला असतो. पडदा हलला की दोहोंतील विद्युत्दाब बदलतो. वेटोळ्याचे ओझे नाही, त्यामुळे तारेवर नख घासल्याचा आवाजदेखील याला ऐकू येतो. बेल प्रयोगशाळांच्या परंपरेतील वेंट नावाच्या शास्त्रज्ञाने १९१६ साली हा सिद्ध केला. याला बाहेरून वीज द्यावी लागते, बहुधा ४८ व्होल्टची. ४८ हाच आकडा का, याची कथा मजेची आहे. १९६६ साली जर्मनीतील न्यूमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी माइक बनविले, तेव्हा तेथील स्टुडिओंत हिवाळ्यातील अंधारासाठी ४८ व्होल्टचे आपत्कालीन दिवे होते. तीच वीज माइकला दिली गेली आणि पुढे जगाने तो आकडा उचलला. तिसरी जात ‘रिबन’, ॲल्युमिनियमच्या पातळ फितीची. आवाज मऊ, पण फुंकर मारली तरी फीत बिघडण्याची धास्ती. लहान मुले असलेल्या घरात ती आणू नये.

आता आमचा उत्साह वाढला. धर्मग्रामाच्या अर्थसमितीत विषय काढला तर एक सभासद म्हणाले, “फादर, स्पीकर आहेत, माइक आहेत, आणखी माइक कशाला?” त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते, छपराची गळती अजून काढायची होती. शेवटी त्या तरुणाने ओळखीतून एक मोठ्या पडद्याचा भारी कंडेन्सर चार दिवसांसाठी मागून आणला. जुलै महिना होता. मास्तरांना पुन्हा निवासात आणले. पेटी उघडली, नातू तबल्याला बसला, आम्ही कानांवर हेडफोन चढविले, आणि त्या माइकने आम्हांला नाशिक ऐकविले. रस्त्यावरची रिक्षा, शेजारच्या कुकरची शिट्टी, नाशिकरोड स्थानकातून सुटणारी मालगाडी, आणि या सर्वांवर मैदानातील ढोलपथकाचा सराव. गणेशोत्सवापूर्वी दोन महिने या शहरात कोणत्याही नाजूक वाद्याचे ध्वनिमुद्रण करू नये. नाशिक ढोलाची कीर्ती साऱ्या महाराष्ट्रात आहे आणि ती कीर्ती कंडेन्सर माइकपर्यंत व्यवस्थित पोहोचते.

ढोल थांबल्यावर दुसरा दोष कळला. आमचा दिवाणखाना सिमेंटच्या सपाट भिंतींचा, खाली गुळगुळीत फरशी, भिंतीवर एक क्रूस आणि महागुरूंचे छायाचित्र, बाकी काही नाही. टाळी वाजविली की भिंती तिला एकमेकींकडे झेलत राहतात. माणसाचा कान हे झेलणे मनातून वगळतो. माइकला मन नाही. तो सारे लिहून ठेवतो. चर्चमध्ये प्रयोग केला तर तेथे घुमारा इतका की तबल्याचे बोल एकमेकांत मिसळून गेले. मिस्सेतील समूहगायनाला तो घुमारा शोभतो, तबल्याला नाही. वेदीमागच्या वस्त्रखोलीत, जेथे उपासनेचे झगे टांगलेले असतात, आवाज अगदी सुरेख बसला. कापड प्रतिध्वनी पिऊन टाकते. पण तेथे मास्तरांचे गुडघे दुमडेनात, आणि खुर्चीवर बसून पेटी वाजविणे त्यांना जमेना. “फादर, मांडी घातल्याशिवाय सूर लागत नाही,” ते म्हणाले. घरी त्यांचा एक ठराविक पाट आहे. त्यावर बसले की एक पाय पुढे पसरता येतो. मग ठरले की माणसाला माइककडे न आणता माइकलाच माणसाकडे न्यावे.

येथे थोडे मागे जातो. ध्वनिमुद्रणाच्या आरंभी हा प्रश्न उलटा होता. १९०२ साली गायसबर्गने कलकत्त्यात गौहरजानची गाणी भरून घेतली तेव्हा माइक नव्हताच. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि कर्ण्याच्या सुईला हलवील एवढा जोर गळ्यात असावा लागे. हळू आवाजाची वाद्ये त्या तबकड्यांवर जवळजवळ उमटतच नसत. विजेवरचे मुद्रण १९२५ नंतरचे. कितीएक कोमल गळे केवळ कर्ण्याला न पुरल्यामुळे इतिहासातून गळाले असतील. आमच्या नाशिककरांना या गोष्टीचे अप्रूप वाटायला हवे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली या देशाला चित्रपट दिला, तोही मुका. ‘गंगावतरण’ हा बोलपट त्यांनी केला तो १९३७ साली. आणि १९४४ साली याच शहरात ते वारले. पंचवटीत विष्णू दिगंबर पलुस्करांनी आश्रम थाटला होता. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे माहेरही इथलेच. नारायण वामन टिळकांची पदे आमचे प्रॉटेस्टंट बंधू ‘उपासना संगीता’तून आजही गातात. त्या पदांच्या मूळ चाली टिळकांच्या तोंडून कशा निघत असतील, हे ऐकविणारी तबकडी आपल्यापाशी असती तर?

पेटीचीही गंमत आहे. ती युरोपातून आली, कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला हातभात्याची करून जमिनीवर बसविली, आणि मिशनऱ्यांइतकीच ती हरिदासांचीही झाली. आकाशवाणीने मात्र १९४० साली तिला दाराबाहेर काढले व पुढे तीन दशके बाहेरच ठेवले, कारण तिचे सूर ठोकळ, तिच्यात मींड नाही. आक्षेप खरा आहे. मास्तर पेटीवर जो स्वर दाबतात त्याहून किंचित खाली त्यांचा गळा उतरतो, आणि भजनातील सारे दुःख त्या किंचित अंतरात आहे. स्वरलेखन करून ठेवा, असे आम्हांला एका संगीतशिक्षकांनी सुचविले होते. ते केलेही, पण कागदावर पेटी उतरली, मास्तर उतरले नाहीत.

तेव्हा नोव्हेंबरात, फटाके संपल्यावर आणि नाताळच्या कॅरल मंडळींनी घरे घेण्यापूर्वी, आम्ही मास्तरांच्या घरी बैठक मांडली. या वेळी त्या तरुणाने छोट्या पडद्याचे दोन साधे कंडेन्सर आणले, पेन्सिलीसारखे बारीक. भारी माइकच्या मानाने यांची किंमत फारच कमी. आम्ही नाक मुरडले. तो म्हणाला, “फादर, माइक वीतभर सरकवला तर जो फरक पडतो, तो माइक बदलून पडत नाही.” हे वाक्य आम्ही नंतर दोन प्रवचनांत वापरले.

दोन माइक म्हणजे एक गळ्याला, एक पेटीला, असा आमचा सरळ हिशेब. तोही चुकला. दोन माइक एकच आवाज किंचित पुढेमागे ऐकतात तेव्हा त्यांच्या लहरी एकमेकींना खातात आणि आवाज पोकळ होतो. म्हणून नियम असा की माइक वाद्यापासून जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांत असावे. स्वतः वाजवीत गाणाऱ्याच्या तोंडात आणि पेटीत दोन फुटांचे अंतर. तेथे तिप्पट कोठून आणणार? म्हणून मास्तरांपुढे एकच माइक ठेवला. दुसरा नातवाच्या तबल्यावर, हातभर उंच, आणि नातवाला पाच-सहा फूट बाजूला बसविले. पेटीच्या पुढच्या अंगाला, म्हणजे श्रोत्यांच्या बाजूला, भाता असतो. तेथे माइक ठेवला की हवेची फसफस येते. आमची पहिली चूक तीच होती. पेटीचा सूर वरच्या झाकणाच्या फटींतून निघतो. त्यामुळे माइक एका बाजूने, पेटीच्या वर दीड फुटावर, मास्तरांच्या हनुवटीच्या रोखाने धरला. गळा कमी वाटला तर वीतभर वर, पेटी कमी वाटली तर वीतभर खाली. अंतर दुप्पट केले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. ही सहा डेसिबल पकडता-पकडता दुपार गेली. मास्तर मध्येच म्हणाले, “फादर, एवढं माप तर माझ्या लग्नाच्या कोटाला पण घेतलं नव्हतं.”

हा माइक हृदयाकार ऐकणारा होता. म्हणजे समोरचे उत्तम, बाजूचे कमी, पाठीमागचे जवळजवळ नाही. ऐकण्याच्या क्षेत्राचा आलेख काढला की बदामासारखा दिसतो. मास्तरांच्या भिंतीवर, कॅथॉलिक घरात असते तशी, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे. तिच्याखाली आम्ही हा हृदयाकार माइक रस्त्याकडे पाठ करून उभा केला. पाठीमागचे बोलणे न ऐकण्याचा त्याचा गुण धर्मगुरूंनी घेण्याजोगा आहे. देवळालीच्या तोफखान्याचा सराव चालू असला तर दूरवरचा धडाका मात्र कोठूनही येतो. त्यासाठी माइकवरचे खालचे स्वर छाटणारे बटण दाबले. पंखा बंद केला. फ्रीज बंद केला आणि घराची किल्ली फ्रीजमध्येच ठेवली, म्हणजे जाताना तो पुन्हा चालू करण्याचा विसर पडू नये. पूर्वी एकदा आमच्या निवासात हा विसर पडून धर्मभगिनींनी पाठविलेले मासे वाया गेले होते. ध्वनिमुद्रण चोवीस बिटांचे ठेवले आणि सर्वांत उंच स्वर उणे बारा डेसिबलपुढे जाणार नाही असे पाहिले, कारण एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

राहिल्या उघड्या भिंती. सूनबाईंनी आतून गोधड्या आणल्या. सात-आठ होत्या, जुन्या लुगड्यांच्या, बारीक धाव्याच्या टाक्यांनी भरलेल्या. दोरी बांधून आम्ही त्या भिंतींवर टांगल्या. टाळी वाजवून पाहिली. टाळी तिथेच थांबली. “आईंच्या हातच्या आहेत,” सूनबाई म्हणाल्या.

आता ते दुसरे कारण. १९९६ साली आम्ही सेमिनरीचे विद्यार्थी. सुटीतील कामासाठी ज्या धर्मग्रामात पाठविले गेलो तेथे हेच मास्तर धर्मशिक्षक होते. मास्तरीणबाई जात्यावरच्या ओव्या म्हणत. मरियामातेच्या, बेथलेहेमच्या वाटेच्या, माहेरच्या. त्या कोणत्याही पुस्तकात नव्हत्या. काही त्यांच्या आईच्या होत्या, काही त्यांनीच जोडलेल्या. मास्तरांनी कोणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणून एका कॅसेटवर त्या भरल्या होत्या आणि ती धर्मग्रामाच्या कपाटात ठेवायला आमच्याकडे दिली होती. पुढे तेथील धर्मगुरूंच्या रौप्यमहोत्सवाचा समारंभ आला. भाषणे भरून घ्यायची आज्ञा झाली, आणि कोरी कॅसेट संपली. आम्ही कपाटातील ती कॅसेट घेतली. वाचकांना आठवत असेल, कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचा छोटा तुकडा असे. तो मोडला की त्यावर दुसरे काही भरता येत नसे. मास्तरांनी तो मोडलेला होता. आम्ही त्या जागी चिकटपट्टी लावली. पट्टी लावली की यंत्र फसते, हे आम्हांला ठाऊक होते. त्या कॅसेटवर आज स्वागताध्यक्षांचे भाषण आहे. मास्तरीणबाई २००९ साली गेल्या. मास्तरांनी कॅसेटविषयी आम्हांला कधीही विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. पापनिवेदन करून आम्हांला क्षमा मिळाली; कॅसेट मिळाली नाही.

त्या दिवशी मास्तरांनी अकरा भजने म्हटली. मध्ये खोकले, एका कडव्याचे शब्द अडले तेव्हा नातवाने ठेका धरून ठेवला आणि शब्द परत आले. ते आम्ही काढून टाकले नाही. संध्याकाळ झाली. आम्ही आवरायला उठणार तोच मास्तरांनी पेटीचा भाता दाबून बंद केला, खटका लावला, आणि हात पेटीवर ठेवून म्हणाले, “आता तिचं एक म्हणून बघतो. मला सगळं येत नाही.”

पेटीसाठी इंच-इंच मोजून लावलेला तो माइक, आणि पेटी मिटलेली. तरुणाने माइक सरकविण्यासाठी हात पुढे केला; आम्ही त्याला थांबविले. मास्तरांनी मरियेच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली, बायकी चालीत, जात्याच्या संथ फेऱ्यावर, आवाज जवळजवळ नाहीच. सभेच्या माइकला तो ऐकूच आला नसता. हेडफोनमध्ये आम्हांला त्यांचा श्वास ऐकू येत होता, पाटाचे किंचित कुरकुरणे ऐकू येत होते, आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी बोटे पेटीच्या लाकडावर टेकत होती तो आवाजही. नऊ ओव्या झाल्या. दहावीचा पहिला चरण म्हणून ते थांबले, पुन्हा म्हणून पाहिला, आणि मान हलविली. आतल्या दारात सूनबाई उभ्या होत्या. त्यांनाही पुढचे येत नव्हते.

फ्रीजमधून किल्ली काढली, फ्रीज चालू केला. गोधड्या उतरवून घड्या घातल्या. तरुणाने सारे मुद्रण तीन ठिकाणी उतरवून घेतले. एक पेनड्राइव्ह आम्ही मास्तरांच्या हातात दिला आणि त्यात काय काय आहे ते सांगितले. त्यांनी तो बोटांत धरून उलटसुलट केला, पाठीकडची बाजू पाहिली. मग आमच्याकडे न पाहता म्हणाले, “फादर, ह्याच्यावर आता दुसरं काही भरू नका.”

“नाही मास्तर,” आम्ही म्हणालो.